घणसोलीच्या प्लॉटवर माझे पंधरा लाख

शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवरचा, नोटरीचा शिक्का असलेला एक कागद माझ्या कपाटात आहे. मार्च २०२२ मधला. नवी मुंबईतल्या घणसोलीत आम्ही बांधणार असलेल्या घराचा अर्धा हिस्सा माझा राहील, असं त्यावर टाइप केलंय. खाली जोडीदाराची सही, माझी सही, दोन साक्षीदार. त्या कागदाच्या भरवशावर मी पहिले चार लाख रुपये दिले. सप्टेंबरात ठाण्याला कोर्टनाक्याजवळ बसणाऱ्या एका वकीलबाईंनी तो दोनदा वाचला आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवला. "यावर तुम्हाला घराची एक खिडकीसुद्धा मिळणार नाही," त्या म्हणाल्या.

लग्न न करता एकत्र राहणारी आणि दोघांपैकी एकाच्या घरच्या जागेवर घर बांधू पाहणारी आणखी तीन जोडपी माझ्या ओळखीत आहेत. दोघांकडे असाच एखादा कागद आहे, तिसऱ्यांकडे तोही नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आम्ही २०१५ पासून एकत्र राहतो. माझा घटस्फोट त्याआधीच झाला होता आणि पुन्हा लग्न करायचं नाही हे मी त्याला पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. मी कराडची, महापेच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. तो घणसोली गावातला, आगरी. कोपरखैरण्यात दोघांच्या नावाने अकरा महिन्यांच्या करारावर राहायचो, भाडं बावीस हजार, निम्मं निम्मं. त्याच्या आईला मी मावशी म्हणते. त्यांना हे सगळं पचायला दोनेक वर्षं गेली. मग एका गणपतीत त्यांनी मला उकडीच्या मोदकांना बसवलं, आणि त्या दिवसापासून त्या घरातलं माझं येणंजाणं कुणाला विचारावं लागलं नाही.

प्लॉट साडेबारा टक्क्यांतला. बाहेरच्यांना हा शब्द कळायचा नाही. १९७० साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झालं आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादनात आली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी लढले. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात गोळीबारात पाच जण गेले. पुढे, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. त्यातलेही ३० टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा होतात, म्हणजे प्रत्यक्षात हातात पडतात ते पावणेनऊ टक्के. त्याच्या घरची सोळा गुंठे भातशेती गेली होती. तिचे झाले साधारण १४० चौरस मीटर.

मावशी हे आकड्यांत सांगत नाहीत. कुठल्या खाचरात आधी चिखलणी व्हायची, बांधावर कुणाचं आंब्याचं झाड होतं, आता तिथे कुठली बिल्डिंग उभी आहे, असं सांगतात. गावातल्या बहुतेकांनी असे प्लॉट बिल्डरला दिले. यांनी वीस वर्षं रिकामा ठेवला, पण दिला नाही. ही जागा म्हणजे त्यांच्या घरात काय आहे, हे मला ऐकून माहीत होतं. तरी कागद करायची वेळ आली तेव्हा मी पहिली मागणी केली ती 'अर्ध्या हिस्स्या'चीच.

त्याचे वडील २०११ मध्ये गेले. कोर्टातून वारस दाखला काढून चार नावं लागली: मावशी, तो, आणि त्याच्या दोन बहिणी. चौघांचा वाटा सारखा. म्हणजे त्याचा स्वतःचा हिस्सा चार आण्यांचा. मला अर्धं घर लिहून देणारा माणूस स्वतः पाव हिश्श्याचा धनी होता, आणि आम्ही दोघांनी, कागद करून देणाऱ्या एजंटानेसुद्धा, त्याकडे पाहिलं नव्हतं.

वकीलबाईंनी एकेक अडचण सांगितली. स्थावर मिळकतीतला हक्क दुसऱ्याला द्यायचा तर दस्त नोंदवावा लागतो. नोटरी म्हणजे फक्त सही कुणी केली याची साक्ष. दुसरं, प्लॉट सिडकोच्या ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहे, त्यामुळे कुणाचंही नाव आत घालायचं तर सिडकोची परवानगी, हस्तांतरण शुल्क, त्रिपक्षीय करार. तिसरं, मुद्रांक शुल्क. राहतं घर नवरा, बायको, मुलं, नातवंडं यांना बक्षीसपत्राने दिलं तर मूळ शुल्क २०० रुपये. माझ्यासारखीला दिलं तर बाजारभावावर पूर्ण दराने. आणि या सगळ्याआधी बाकी तिघींची संमती, जी आम्ही विचारलीच नव्हती.

मी विचारलं, एकत्र राहणाऱ्या बाईला कायद्यात काहीच नाही का? आहे, त्या म्हणाल्या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लग्नासारख्या नात्यातल्या स्त्रीला सामायिक घरात राहण्याचं संरक्षण आहे. १८८२ च्या एका कायद्यात असंही आहे की जागामालकाच्या परवानगीवर विसंबून कुणी स्वखर्चाने कायमचं बांधकाम केलं, तर ती परवानगी मालकाला वाटेल तेव्हा काढून घेता येत नाही. "पण ही भांडण लागल्यानंतरची हत्यारं झाली," त्या म्हणाल्या. "तुम्हाला भांडायचंय का?"

आम्हाला भांडायचं नव्हतं. पण ट्रान्सहार्बरच्या गाडीने ठाण्याहून घरी येताना, ऐरोलीपासून घणसोलीपर्यंत, आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. त्याला वाटत होतं की मी त्याच्यावर संशय घेतेय. मला वाटत होतं, चार लाख देऊन मी कुठेच नाही. त्या रात्री मी त्याला सांगितलं की माझ्या आईबाबांना मीच पैसे पाठवते आणि घरात घालायचे हे एकूण पंधरा लाख माझी जवळजवळ सगळी शिल्लक आहे. इतक्या वर्षांत हा हिशोब मी त्याच्यासमोर कधी मांडला नव्हता. तो म्हणाला, उद्या आईकडे जाऊ, ताईंनाही बोलावू.

ती बैठक एका रविवारी जुन्या घराच्या ओटीवर झाली. मोठी ताई पनवेलहून आली, धाकटी ठाण्याहून. मोठ्या ताईने सरळ विचारलं, "उद्या तुमचं पटलं नाही तर तू आमच्यावर केस टाकशील का?" मला राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं. मीही विचारलं, "आणि पटलं नाही तर माझे पैसे मला कोण परत देणार?" कुणीच बोललं नाही. मग मावशी म्हणाल्या, "गो बाय, पैसं तुझं ते तुझंच. जागंचा शब्द मात्र नको काढूस."

माझ्यासाठी गाठ तिथे सुटली. मी जागेत हिस्सा मागत होते, कारण पैसे सुरक्षित ठेवायचा दुसरा मार्ग मला दिसत नव्हता. पैसा आणि जागा या दोन गोष्टी वेगळ्या केल्या तर दोन्ही बाजूंची भीती वेगवेगळी सोडवता येत होती. त्यांची भीती, जागा घराबाहेर जाईल. माझी भीती, पैसा बुडेल आणि डोक्यावरचं छप्पर जाईल.

आणखी एक गोष्ट त्याच ओटीवर ठरली, आणि तिचं मला फार समाधान आहे. बँकेचं काम सोपं व्हावं म्हणून ताईंकडून हक्कसोडपत्र घ्या, असा सल्ला दोघातिघांनी दिला होता. गावात ते सर्रास होतं. भावाच्या प्रेमापोटी बहिणी सही करतात, साडीचोळी होते, विषय संपतो. मी म्हटलं, नको. वडिलांच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा १९५६ च्या कायद्याने दिलाय आणि वडिलोपार्जित मिळकतीतही २००५ पासून ती मुलाच्या बरोबरीने आहे. मी स्वतःचा हक्क कागदावर यावा म्हणून धडपडत असताना त्या दोघींचा कागदावरून पुसायला हातभार लावणं मला जमलं नसतं. धाकटी ताई त्या दिवसापासून माझ्याशी वेगळ्या आवाजात बोलते.

घराचा खर्च असा: तळमजला आणि वर एक मजला, मिळून १६०० चौरस फूट. मटेरियल आणि मजुरी धरून फुटाला २०५० रुपये ठरले, म्हणजे ३२ लाख ८० हजार. आर्किटेक्ट, परवानगीची शुल्कं, बोअरिंग, मीटर, ग्रिल हे धरून एकूण ३७ लाखांपर्यंत गेलं. त्यात गृहकर्ज १४ लाख, त्याची शिल्लक ६, मावशींचे २ आणि माझे १५.

गृहकर्जात माझं नाव येईल असं मी धरून चालले होते. बँकेत 'अर्जदाराशी नातं' या रकान्यात काय भरायचं यावरच ते थांबलं. कर्ज त्याच्या आणि मावशींच्या नावावर झालं, ताईंनी संमती दिली, प्लॉट गहाण ठेवायला सिडकोचं ना हरकत पत्र घेतलं. माझ्या पीएफमधून घरबांधणीसाठी रक्कम काढावी म्हटलं, तर जागा सभासदाच्या किंवा तिच्या जोडीदाराच्या, म्हणजे लग्नाच्या जोडीदाराच्या, नावावर हवी होती. तीही वाट बंद. मग मुदत ठेवी मोडल्या.

प्राप्तिकराचा मुद्दा मी अकाउंट्समध्ये असूनही आधी माझ्या लक्षात आला नव्हता. प्राप्तिकर कायद्यात बायको 'नातेवाईक' ठरते, मी ठरत नाही. नातेवाईक नसलेल्या व्यक्तीकडून वर्षभरात ५०,००० रुपयांहून जास्त रक्कम भेट म्हणून आली तर ती घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. कागद नसता तर माझे पंधरा लाख उद्या त्याच्या उत्पन्नात मोजले जाऊ शकले असते. म्हणून ते कर्ज म्हणूनच द्यायचे ठरले, साध्या भाषेत हातउसने. कर्जाची २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेता येत नाही, तेव्हा सगळं बँकेतून.

करारनाम्याचा मसुदा तीन वेळा बदलला. वकीलबाईंचा आग्रह होता की त्यात आमच्या नात्याबद्दल एक वाक्यही नको. फक्त रक्कम, तारखा, परतफेड. पहिले चार लाख तारीखवार त्यात घेतले आणि जुना नोटरीचा कागद रद्द केल्याचं लिहिलं. कर्ज घेणारा तो, आणि मावशी व दोन्ही ताई 'मान्यता देणार' म्हणून सही करणाऱ्या.

सगळ्यात जास्त वेळ व्याजावर गेला. पंधरा लाख घातलेल्या घराची किंमत दहा वर्षांत दुप्पट झाली तरी मला परत पंधराच मिळणार, हे मला टोचत होतं. मग मी कागद घेऊन बसले. सहा टक्क्यांनी पंधरा लाखांचं वर्षाचं व्याज नव्वद हजार, महिन्याला साडेसात हजार. कोपरखैरण्यात माझ्या वाट्याचं भाडं महिना अकरा हजार जात होतं. नव्या घरात ते शून्य. त्यामुळे मी तिथे राहते तोवर व्याज नाही, हे मला मनापासून पटलं. मी बाहेर पडले तर त्या दिवसापासून पैसे पूर्ण परत मिळेपर्यंत नऊ टक्के. जागेचा भाव वाढला तर तो वाढावा मावशींच्या घरातच राहील. सोळा गुंठे त्यांचे गेले होते, माझे नाही.

परतफेडीची शेवटची तारीख ३१ मार्च २०३२, आणि त्याआधी मी लेखी नोटीस दिली तर अठरा महिन्यांत तीन हप्ते. तारीख घालणं फार गरजेचं होतं. उसने पैसे कोर्टातून वसूल करायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. 'जमेल तेव्हा देईन' असं लिहिलेला कागद प्रेमाने जपून ठेवला तरी चौथ्या वर्षी त्याचा दावा उरत नाही. मुदतीच्या आत कर्ज घेणाऱ्याने सही करून लेखी कबुली दिली तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. आम्ही दरवर्षी एप्रिलमध्ये एका पानावर बाकी रक्कम लिहून सह्या करतो.

बांधकामाबद्दल फार लिहीत नाही, ज्यांनी बांधलंय त्यांना माहीत आहे. दोघांच्या नावाने वेगळं बचत खातं उघडलं. नातं नसलेल्या दोघांनाही संयुक्त खातं उघडता येतं. त्यातूनच सळई, सिमेंट, मजुरी, सगळं गेलं. फक्त एकदा घसरलो. वरच्या स्लॅबच्या आदल्या दिवशी कंत्राटदाराने काम थांबवलं, सळईचा भाव वाढला म्हणून. माझा जोडीदार साईटवर अडकलेला, आणि मी ऑफिसातून थेट दुकानदाराला माझ्या खात्यातून दोन लाख चाळीस हजार पाठवले. पंधरा लाखांच्या आतले की बाहेरचे? चार महिने आम्ही त्यावर बोललो नाही, आणि त्या न बोलण्याने दोघांची झोप गेली. शेवटी करारातलाच हप्ता आधी दिला असं धरून एक पुरवणी पान केलं. आता कुठलीही रक्कम त्या एका खात्यावरून गेल्याशिवाय कामावर जात नाही, मग ती नळाची तोटी का असेना.

राहण्याचा हक्क कर्जाच्या कागदात येत नव्हता. तो आला मृत्युपत्रांत. त्याच्या मागे मी कायद्याने त्याची वारस नाही, वारसांच्या पहिल्या वर्गात नाही आणि दुसऱ्यातही नाही. त्याच्यानंतर दुसऱ्या दिवशी मला कुणी घर सोड म्हटलं असतं तर माझ्या हातात फक्त कर्जाचा कागद असता. म्हणून त्याने मृत्युपत्रात लिहिलं की त्याच्या हिश्श्यावर माझा हयातभर राहण्याचा हक्क, आणि माझ्यानंतर तो हिस्सा दोन्ही ताईंच्या मुलांचा. ही कल्पना धाकट्या ताईची. मावशींनी त्यांच्या मृत्युपत्रात माझ्या राहण्याला त्यांची मान्यता लिहिली. मोठी ताई त्या दिवशी माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या मुलाला जागा मिळणार आणि मला छप्पर, दोन्ही एकाच कागदात.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणी सक्तीची नाही. आम्ही तरी ती केली. नोंदणी फी शंभर रुपये आणि पानांमागे हाताळणीचं शुल्क. दुय्यम निबंधक कार्यालयात मावशींचा अंगठा यंत्रावर उमटेना. सत्तरी जवळ आलेली, आयुष्यभर भात लावलेली आणि मासळी साफ केलेली बोटं, रेषा झिजलेल्या. बाहेरच्या नळावर हात धुऊन आणले, ओढणीने पुसले, चौथ्या वेळी उमटला. त्या परत परत मला विचारत होत्या, "झाला का गो?"

भोगवटा प्रमाणपत्र २०२४ च्या सुरुवातीला मिळालं. त्यानंतर सिडकोबरोबर अंतिम भाडेपट्टा करार व्हायचा होता. त्यावर नावं चार, मावशी आणि तीन मुलं. दस्ताच्या वेळी पक्षकारांना ओळखणाऱ्या दोन व्यक्ती लागतात. मावशी म्हणाल्या, ही ओळखते की आम्हाला. मी ओळख पटवणारी म्हणून फोटो दिला, अंगठा दिला. करारात माझं नाव मालकांच्या यादीत नाही, शेवटच्या पानावर आहे.

एक काम राहिलंय. हे पंधरा लाख आता माझी मिळकत आहे, मी गेले तर ती माझ्या आईबाबांकडे जाईल आणि ती मागायची जबाबदारी माझ्या भावावर येईल. त्याला या कराराची कल्पना नाही. माझं मृत्युपत्र मी लिहून ठेवलंय: दहा लाख आईबाबांच्या औषधपाण्यासाठी, हप्त्याने, आणि पाच लाख माफ. पाचचे सात करावेत का, यावर माझं मन अजून ठरत नाही. बाबांचा गुडघा यंदा बदलायचाय, त्याचा खर्च कळला की आकडा नक्की करीन. शनिवारी कराडला जातेय, करारनाम्याची झेरॉक्स पिशवीत आहे. भावाला समोर बसवून सगळं वाचून दाखवणार आहे, आणि साक्षीदार म्हणून सही कोण करेल तेही तिथेच विचारणार आहे.